बिनमिरचीची रशी

पौषातल्या पहाटे गोमाईच्या पात्रावरचं धुकं काठच्या निंबांना बिलगून असायचं, उन्हाचा अजून पत्ता नसायचा, आणि अशा निःशब्द वेळी आमच्या अंगणात सगळ्यांच्या आधी जागा व्हायचा तो जिजीचा ठसका. खणखणीत, बेपर्वा ठसका. उभं आयुष्य लाल मिरचीच्या सहवासात काढलेल्या बाईचाच असा असू शकतो. तो ऐकला की गोठ्यातली जनावरं उठून उभी राहत, चुली पेटत, आणि मी अंथरुणात कूस बदलून मनाशी म्हणे, उठा बाई आता, दिवसाला सुटका नाही.

मग ऊन यायचं. मळ्याच्या कडेला सारवून टणक केलेल्या भुईवर मिरची वाळत घातलेली असे. आमच्याकडे तिला पथारी म्हणतात. त्या कोवळ्या, तिरप्या उन्हात पथारी अशी काही पेटून उठायची की आभाळातला सूर्य आणि भुईवरची लाली यांतलं थोरलं कोण, असा संभ्रम पडावा. त्या लालीतून हातात लांब दांड्याचं दाताळं घेतलेली, अनवाणी, पांढऱ्या लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेली जिजी सावकाश चालत असायची. दाताळ्याच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर वाळलेल्या शेंगांतलं बी खुळखुळायचं. माझ्या स्मरणात जिजीला चेहऱ्याच्या आधी हा आवाज आहे.

जिजी माझी जेठानी, म्हणजे थोरली जाऊ. आमचे हे तिघा भावांतले धाकटे, जिजी मधल्याची विधवा, आणि थोरले आप्पा घराचे कर्ते. मी अमळनेरची, सातवीपर्यंत शिकलेली, पुस्तकातलं मराठी बोलणारी. म्हणून जिजी मला ‘मास्तरीन’ म्हणायची. लग्नानंतर पहिल्याच दिवशी मी तिला वाकून नमस्कार केला तर म्हणाली, “ऊठ वं मास्तरीन, पायले मिरची लागेल शे, डोयामा जाई.” आणि खरंच गेली. माझ्या सासरच्या संसाराची सुरुवात अशी डोळे चोळत झाली.

मधले दीर गेल्यावर घराने तिला पोटापुरता म्हणून नदीकाठचा एक मळा तोडून दिला होता. कागद नाही, काही नाही. आप्पांचा शब्द तेवढा. पिकेल तोवर तिचा, पडीक पडला की घराचा, असा तो व्यवहार. जिजीने तिथे कापूस लावला नाही की ज्वारी पेरली नाही. तिने मिरची लावली. आमच्या भागात तेव्हा मिरची म्हणजे दुय्यम माणसांचं दुय्यम पीक. वाटणीत वाकडातिकडा तुकडा आलेल्या विधवा, नवऱ्याने टाकलेल्या बाया, सातपुड्याच्या पायथ्याचे भिल्ल आणि पावरा, हेच मिरचीवाले. काळ्या जमिनीचे धनी कपाशीच्या बोंडाकडे पाहून मिशीला पीळ देत आणि मिरचीकडे पाहून नाक दाबत. मात्र जेवताना हेच लोक ठेचा कमी पडला म्हणून ताट आपटत, ते मी याच डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

दुसरं युद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीची ही हकिकत. आदल्या श्रावणात गोमाई अशी फुगली की जिजीच्या मळ्यातली सगळी गाळाची माती ती आपल्या ओटीत घालून घेऊन गेली आणि बदल्यात वाळू ठेवून गेली. त्या साली मिरची आली ती रोगट, आखूड, फिकट. पथारीला लालीच चढेना. आप्पा मळ्यावर येऊन उभे राहिले, वाळू बुटाच्या टोकाने उकरून पाहिली आणि म्हणाले, “जिजी, मिरगपर्यंत वाट देखसू. जमिनीले खत भेटनं तर ठीक. नई तर या मळामा मन्ही कपाशी लागी.” आप्पा दुष्ट नव्हते हो. पण जमीन उपाशी ठेवणं त्यांना पाप वाटे, आणि बाईमाणूस उपाशी राहील हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागे.

नेमकं त्याच साली सरकारने शेतकऱ्यांना खतासाठी भुईमुगाची पेंड सवलतीने द्यायला सुरुवात केली होती. गाड्याच्या गाड्या पेंड शहाद्याला येऊन पडली होती. जिजी उठली, आणखी चार मिरचीवाल्या बाया घेतल्या आणि चैत्रातल्या उन्हात कचेरीत गेली. तिथला कारकून त्यांना पाहून हसला. पेंड कापसाला, गव्हाला, ज्वारीला; मिरची हे पीकच नव्हे, तो मसाला. “बाई, मसाल्याला कुठं कोणी पेंड घालतं का?” असं म्हणून त्याने पान तोंडात टाकलं. जिजी परत आली ती गप्प. तिला गप्प मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि सांगते, मला भीती वाटली. संध्याकाळी ती मळ्यात गेली, वाळूची मूठ उचलून बोटांतून गळू देत बसली. मग म्हणाली, “मास्तरीन, हाऊ मळा गया तर मी आप्पाना चुल्हावर भाकरी थापसू. थापसू, काही लाज नई. पण मंग पहाटले खोकाले मन्हाकडे काय कारन ऱ्हाई?” मी हसले. ती हसली नाही.

आणि अशात आखाजी आली.

अक्षय्यतृतीया साऱ्या महाराष्ट्रात असते, पण आखाजी आमचीच. माहेरवाशिणी येतात, निंबांना झोके बांधतात, चुलीच्या निखाऱ्यांवर घास टाकून पितरांना जेवू घालतात, त्याला आगारी म्हणतात. आणि दिवस कलताना दोन्ही तीरांच्या गावांतल्या बाया गौराईच्या टोपल्या घेऊन नदीच्या कोरड्या पात्रात उतरतात, मध्ये वाळू ठेवून समोरासमोर उभ्या राहतात आणि एकमेकींना गाण्यांतून शिव्या देतात. त्या दिवशीच्या शिव्यांना पाप नाही आणि राग धरायला परवानगी नाही. शिवाय एक गंमत असे. पैलतीराकडून एखादी बाई पुरुषाचा वेष घेऊन, शिपाई नाहीतर साहेब बनून, तोऱ्यात वाळू ओलांडून यायची. आमच्याकडच्या कुणी तिला गाण्याने गारद करायचं आणि डोक्यावरचं मुंडासं ओढून अंबाडा उघडा पाडायचा. जी निरुत्तर होईल तिने जिंकणारीच्या घरी जेवायचं आणि ताटात येईल ते मुकाट्याने खायचं. बहुधा ठेचाच यायचा.

गौराईच्या टोपलीला विधवेने हात लावायचा नाही, असा दंडक होता. पण शिव्यांना कुठलं आलंय सोवळं? वाळूत उतरलं की आमच्या तीराची सेनापती जिजीच असायची. त्या वर्षी मात्र ती मागे मागे होती. उतरत्या उन्हाने वाळू तांबूस झाली होती, झोक्यांवरून पोरींचे आवाज येत होते, आणि तेवढ्यात पैलतीरावरून साहेब निघाला. सोलाटोपी, खाकी विजार, हातात छडी. बारीक चण, गुळगुळीत दाढी केलेली, ओठावर मिशीचा केस नाही, आणि वाळूत पाय रुतत असल्याने चाल अगदी ठुमकत. आमच्याकडे तेव्हा बिनमिशीचा पुरुष फक्त सुतकात पाहायला मिळे. बायांत खसखस पिकली. या खेपेला पैलतीरवाल्यांनी कमाल केली, म्हणून मीदेखील टाळी दिली.

सोलाटोपी दिसली आणि जिजीच्या आत काहीतरी पेटलं. गर्दी दुभंगून ती पुढे आली, कमरेवर हात ठेवले, आणि तिच्या त्या मिरचीने भाजलेल्या गळ्यातून आवाज असा उठला की पैलतीरच्या बाया गायचं विसरल्या.

“टोपी घाली साहेब उना, नाक वर करी उना वं,
मिरची पीक नई म्हने, रस्सा वरपी गया वं!”

आम्ही सगळ्या तिच्यामागे लागलो. साहेब थबकला. जिजी त्याच्याभोवती फेर धरून गात होती, आणि काय सांगू, ते गाणं नव्हतंच. कचेरीतलं ते पान, ती वाळूची मूठ, आप्पांचा तो बूट, सगळं तिच्या घशातून बाहेर पडत होतं.

“कपाशीले पेंड देस, मिरचीले देस वारा वं,
तोंड जयनं साहेबनं, पानी पानी करस वं!”

आणि शेवटच्या ‘वं’ला तिने हात उंचावून टोपी ओढली.

आत अंबाडा नव्हता. चकचकीत टक्कल होतं आणि कानांमागे विरळ पांढरे केस.

अरे देवा! शेतकी खात्याचा खराखुरा मोठा साहेब होता तो, धुळ्याहून फिरतीवर आलेला. छकड्याचं चाक पैलतीरी वाळूत रुतलं म्हणून एकटाच पायी पुढे निघालेला. काठावरून पुरुषमंडळी धावत आली. आप्पांच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. ते हात जोडून साहेबांना काही सांगू पाहत होते आणि तोंडातून फक्त “बाईमाणूस... बाईमाणूस...” एवढंच निघत होतं. मग ते जिजीकडे वळून घोगऱ्या आवाजात म्हणाले, “मिरगनी वाट देखानी गरज नई आते. मळा गया समज.”

मी जिजीकडे पाहिलं. दिसलं ते तिचं टोपी धरलेलं मूठभर हाडांचं मनगट, आणि ते स्थिर होतं. तिने माफी मागितली नाही. पदर डोक्यावर सारखा केला आणि म्हणाली, “साहेब, चूक व्हयनी, तुमले बाई समजनू. पण गानं खोटं नई शे. आज आखाजी शे. उत्तर येत व्हई तर द्या, नई तर मन्हा घर जेवाले चला.”

साहेब पुण्याकडचे होते. आधी त्यांना शब्द कळेनात, मग कुणीतरी रीत समजावली. त्यांनी टकलावरून हात फिरवला. “मला गाता येत नाही,” ते म्हणाले. “तेव्हा जेवायलाच येतो.”

सबंध गाव जिजीच्या ओसरीपुढे जमलं. सगळ्यांना वाटत होतं, आता बाई साहेबाला ठेच्याने जाळते. मला तर पक्की खात्री होती. मी पाण्याची घागरच जवळ ओढून बसले. पाटावर साहेब, समोर काशाचं ताट. खापरावरचे मांडे आले, आमरस आला, कुरडई आली, आणि वाटीत वाफाळती रशी आली. रशी म्हणजे पुरणाच्या डाळीच्या पाण्याची आमची आमटी, तिचा लाल तवंग पाहूनच परगावच्या माणसाला घाम फुटावा. या वाटीत तवंग नव्हता. फिकट, पिवळट, निष्पाप पाणी.

साहेब जेवू लागले. मांड्यावर रस, रसावर मांडा, गोडावर गोड. रशीचा भुरका घेतला आणि वाटीत पाहिलं. पुन्हा घेतला, पुन्हा पाहिलं. अर्धं ताट संपेतो माणूस नुसता कोंडल्यासारखा झाला. आमटीत गूळ घालणाऱ्या मुलखातला गृहस्थ, पण शेवटी त्याच्याही जिभेने हाय खाल्लीच. हळूच म्हणाले, “बाई, जरा मिरची मिळेल का? लाल, हिरवी, कसलीही.”

जिजी त्यांच्यासमोर उकिडवी बसली. गाताना नव्हता इतका तिचा आवाज आता मऊ होता. “साहेब, तुमना सरकारना हिशोबमा ती पीकच नई शे. शेतमा नई, मंग ताटमा कोठेन येई?”

आप्पांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी वाटी उचलली, ती बिनमिरचीची रशी शेवटच्या थेंबापर्यंत प्याले, कारण रीत ती रीत, आणि वाटी उपडी घालून हसले. आधी ओठांत, मग पोटातून. हसता हसताच म्हणाले, “मळा कुठाय तुमचा?”

दिवस मावळत आला होता तरी ते तसेच बोडक्याने मळ्यात गेले. वाळू पाहिली, रोगट झाडं पाहिली, शेजारच्या बायांचे तुकडे पाहिले. परतताना म्हणाले, “निकाल माझ्या हातात नाही. मी वर लिहितो. मंजूर होईलच असं वचन देत नाही.”

“वचन नको,” जिजी म्हणाली. “लिखा. पण एकला मन्हाकरता नका लिखा. डोंगरना पायथापर्यंत जो कोनी मिरची लावस, त्या बठ्ठास्करता लिखा.” आपला एकटीचा मळा जायची वेळ आलेली, आणि बाई साऱ्या मुलखाचं वकीलपत्र घेऊन उभी! मला तिचा इतका अभिमान वाटला आणि इतका राग आला की मी तिथेच रडायला लागले. तिने टोपी पुढे केली. साहेबांनी ती घेतली नाही. “राहू द्या तुमच्याकडे. पुढच्या वर्षी खरा साहेब आणि खोटा साहेब ओळखायला उपयोगी पडेल,” असं म्हणून ते एव्हाना वाळूतून ओढून आणलेल्या छकड्यात बसले.

मग वैशाख सरला. तो वैशाख मला आठवतो तो सावलीशिवायचा. दुपारी निंबाखाली बसलं तरी ऊन आत येऊन बसत असे. आप्पांनी सरकी भिजवायला काढून ठेवली, सालदाराला नदीकाठचा मळा नांगरायला सांगितलं. जिजी रोज जाऊन रिकाम्या पथारीची भुई सारवायची. “कसाले सारवस वं?” बाया विचारत. “पावनी येनार शे,” ती म्हणे. मला तिच्या त्या आशेकडे बघवत नसे.

आभाळ भरून येऊ लागलं, मृग उंबऱ्याशी आला, आणि एका सकाळी कोतवालाचा ढोल वाजला. “ऐका हो ऐका! मिरची लावनारास्लेबी सरकारी पेंड भेटी! लहान तुकडा असो, मोठा असो, बठ्ठास्ले भेटी!” मी पिठाच्या हातांनी बाहेर धावले. बाया दारादारांतून येत होत्या, कुणी हसत होती, कुणी कोतवालाच्या पाया पडत होती. जिजी उभी राहिली ती तडक आप्पांच्या दारासमोर. “भाऊ, आठे ढोल जोरमा वाजाड. आप्पाना कान जरा कमी ऐकतस.” आप्पांचे कान शाबूत होते. त्यांनी भिजवायला काढलेल्या सरकीच्या पोत्याकडे पाहिलं, मग जिजीकडे, आणि सालदाराला म्हणाले, “पोतं उचल. मळा जिजीना शे.”

शहाद्याहून पेंडीच्या गाड्या निघाल्या तेव्हा त्यांच्यामागे सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतची माणसं होती. पावरा बाया डोक्यावर पोती घेऊन डोंगराकडे चढू लागल्या आणि चढता चढता त्यांच्या भाषेत गाऊ लागल्या. शब्द मला कळले नाहीत, पण आनंद कुठल्या बोलीत असला तरी ओळखू येतो. त्या हिवाळ्यात गोमाईच्या दोन्ही काठांनी पथाऱ्या पसरल्या. पौषाच्या उन्हात नदी मधोमध निळी आणि दोन्ही बाजूंना लालच लाल. आणि जिजीच्या मळ्यात काठीवर ती सोलाटोपी घातलेलं बुजगावणं, वाऱ्यावर ऐटीत मान हलवत. आप्पा रोज फेरफटक्याच्या निमित्ताने येत, नाकाला उपरणं लावून पथारीकडे बघत. एकदा म्हणाले, “जिजी, पुढला सालले शेजारना तुकडा बी तूच घे.” जिजी दाताळं न थांबवता म्हणाली, “ठसका सहन व्हई का आप्पा?” आप्पा शिंकत शिंकत हो म्हणाले.

त्यालाही आता किती पावसाळे झाले. आप्पा गेले, टोपीला वाळवी लागली, आणि एका माघात, पथारीवरची शेवटची मिरची पोत्यात भरून झाल्यावर, जिजीही गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यातली जनावरं उठलीच नाहीत. ठसका ऐकू आला नाही तर ती तरी कशी उठणार?

आखाजीला मी आगारी टाकते. मांड्याचा घास, खिरीचा घास, वर तुपाची धार. आणि शेवटी तिच्या नावाने एक लालभडक सुकी मिरची निखाऱ्यावर. सुना दरवर्षी ओरडतात, अहो सासूबाई, मिरचीच्या धुराने पितर पळून जातील. मी म्हणते, बाकीचे पळाले तर पळू देत. मग धूर उठतो, घरभर पसरतो, लहानथोर सगळी ठसकत, शिंकत, डोळे पुसत, हसत अंगणात धावतात, गोठ्यातली जनावरं दचकून उभी राहतात, आणि मी एकटी चुलीपाशी भरल्या डोळ्यांनी बसून राहते. काळ माणूस नेतो, आवाज नेतो, टोपीसुद्धा नेतो. पण एवढा एक ठसका अजून त्याच्या हाती लागलेला नाही, आणि माझ्या हाताने निखाऱ्यावर मिरची पडते आहे तोवर लागूही देणार नाही.